मोरीचा वास: बाटली उघडण्याआधी टॉर्च लावा

बाथरूमच्या मोरीवरची जाळी उचला, मोबाइलचा टॉर्च आत धरा आणि वाकून बघा. खाली पाणी चमकतंय का? वासाच्या तपासातलं सगळ्यात महत्त्वाचं उत्तर या एका मिनिटात मिळतं, आणि तरी हे एक मिनिट कोणी देत नाही. वास आला की हात आधी फिनेलच्या बाटलीकडे जातो. दोन दिवस बरं वाटतं. तिसऱ्या दिवशी फिनेल अधिक गटार असा जो जोडदर्प उठतो, त्यापेक्षा नुसतं गटार परवडलं असं वाटायला लागतं.

हे शहाणपण मलाही उपजत नव्हतं. दीड महिना मी बेसिनमध्ये एकामागून एक काहीबाही ओतत होतो. वास निघत होता कोपऱ्यातल्या एका वेगळ्याच भोकातून. तिथे वॉशिंग मशीन ठेवायचं म्हणून कधीतरी ते काढलेलं, मशीन गेलं दुसरीकडे, आणि भोकावर एक बादली कायमची बसली. बादली उचलली की वास यायचा, ठेवली की कमी व्हायचा. मला वाटायचं बादलीलाच वास आहे, म्हणून मी बादली घासायचो. रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात ते असं.

म्हणून या लेखात धुण्यापेक्षा शोधण्यावर जास्त भर आहे. कारण सापडलं की दुरुस्ती पुष्कळदा दहा मिनिटांची निघते. कारण न सापडता केलेली स्वच्छता मात्र वर्षभर चालू राहते.

तांब्याभर पाण्याचा पहारा

बेसिन, मोरी, शॉवर, कमोड ही सगळी तोंडं शेवटी एकाच वाटेला लागतात: घरातले पाइप, बाहेरचा चेंबर आणि पुढे गटार किंवा सेप्टिक टँक. आपण पाणी सोडतो तेवढा वेळ त्या पाइपातून पाणी वाहतं. एरवी त्यात हवाच असते, आणि ती हवा गटारातली असते. मग ती चोवीस तास आपल्या घरात का येत नाही?

कारण प्रत्येक तोंडाखाली पाइपला मुद्दाम एक वाक दिलेला असतो. सगळं पाणी वाहून गेल्यावरही त्या वाकात थोडं पाणी उरतं आणि बुचासारखं बसतं. वरून येणारं पाणी त्याला ढकलून पुढे जातं, खालून येणारी हवा मात्र अडते. या वाकाला ट्रॅप म्हणतात. बेसिनखाली तो पाइपच्या वळशाच्या किंवा बाटलीसारख्या आकाराचा असतो, मोरीत फरशीखाली गाडलेला असतो, आणि कमोडमध्ये भांड्याच्या घडणीतच असतो. कमोडमध्ये कायम दिसणारं पाणी हे तेच बूच. लंडनमधला घड्याळजी अलेक्झांडर कमिंग याने १७७५ मध्ये फ्लशच्या संडासाचं पेटंट घेतलं. त्यात भांड्याखालचा पाइप इंग्रजी एस अक्षरासारखा वळवलेला होता. अडीचशे वर्षं झाली, पण या युक्तीला अजून सरस पर्याय सापडलेला नाही. ना स्प्रिंग, ना वीज, नुसतं पाणी.

पण हा पहारेकरी नाजूक आहे. बुचाची खोली साधारण ५० मिलिमीटर असते, म्हणजे दोन इंच. एवढ्या उंचीचं पाणी जेमतेम ४९० पास्कल दाब अडवू शकतं, वातावरणाच्या दाबाचा सुमारे दोनशेवा हिस्सा. पाइपात त्याहून जास्त ओढ किंवा ढकल निर्माण झाली की बूच खेचलं जातं किंवा वर उसळतं. आणि काहीच झालं नाही तरी पाणी ते पाणीच, वाळणारच.

गटारातल्या हवेला वास येतो तो मुख्यतः हायड्रोजन सल्फाइडचा. जिथे प्राणवायू पोचत नाही अशा मळीत काही जिवाणू सल्फेटवर जगतात आणि हा वायू सोडतात. सडक्या अंड्याचा वास तो हाच. हवेच्या दहा लाख भागांत याचा एक भागसुद्धा नसला तरी नाकाला तो लगेच कळतो. ही चांगली गोष्ट आहे, कारण घरात वास येतो तेव्हा त्याचं प्रमाण सहसा फारच थोडं असतं. वाईट गोष्ट अशी, की दहा लाखांत १०० भागांच्या आसपास तो गेला की वासाची जाणीवच बधिर करतो. म्हणून चेंबर किंवा टाकीचं झाकण उघडून आत डोकावणं, आत उतरणं हे घरगुती काम नाही. तिथे ‘आता वास येत नाहीये’ याचा अर्थ धोका टळला असा होत नाही, उलट वाढला असाही होऊ शकतो.

आधी नाकाला विचारा

प्लंबरला ‘वास येतोय’ एवढंच सांगणं म्हणजे डॉक्टरला ‘दुखतंय’ एवढंच सांगण्यासारखं. कसला वास, कधी, कुठे? सडक्या अंड्याचा किंवा गटारासारखा वास असेल तर पाण्याचं बूच कुठेतरी गेलंय, किंवा एखादा सांधा उघडा आहे. आंबूस, ओल्या चिंध्यांसारखा वास वाकून तोंड जाळीजवळ नेल्यावरच येत असेल तर तो गटाराचा नसून तोंडापाशी साचलेल्या घाणीचा आहे. कुबट, बंद कपाटासारखा वास म्हणजे भिंतीत किंवा फरशीखाली ओल मुरतेय. तिथे मोरी कितीही घासली तरी फरक पडणार नाही. नाकात झोंबणारा वास कमोडच्या बुडाशी येत असेल तर लघवी फरशीच्या सांध्यांत जिरलेली असू शकते.

आणखी एक वास सांगून ठेवतो, तो मोरीचा नाही. मासळीसारखा, जळकट वास आणि त्याचा उगम कळत नाही, असं झालं तर एक्झॉस्ट फॅन, गिझरचा प्लग आणि स्विचबोर्ड बघा. विजेच्या जोडणीतलं प्लास्टिक तापलं की असा वास येतो. हे निघालं तर मोरीचा विषय तिथेच सोडून मेन स्विच बंद करायचा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवायचं.

वेळेवरूनही बरंच कळतं. गावाहून परतल्यावर वास आला तर ट्रॅप वाळलाय. वरच्या मजल्यावर फ्लश झाला की आपल्या मोरीत गुडगुड होऊन वास येतो, तर पाइपातल्या हवेच्या दाबाची गडबड आहे. एक्झॉस्ट फॅन लावला की वास वाढतो, ही खूण तर फारच बोलकी. फॅन बाथरूममधली हवा बाहेर फेकतो, तेवढी हवा कुठून तरी आत यावीच लागते. दार-खिडकी बंद असेल तर ती सगळ्यात कमी अडथळ्याच्या वाटेने येते. ती वाट मोरीची असेल, तर आपण वास घालवायला लावलेला फॅनच वास ओढून आणतोय.

फक्त गरम पाणी सोडल्यावर वास येत असेल तर एक ग्लास गरम पाणी घ्या, बाथरूमच्या बाहेर दूर जा आणि मग हुंगा. ग्लासातच वास असेल तर मोरी निर्दोष आहे. साठवणीच्या गिझरमध्ये टाकी गंजू नये म्हणून मॅग्नेशियमची कांडी असते. पाण्यात सल्फेट असेल आणि टाकी बराच काळ कोमट पडून राहिली असेल, तर तिथेही तेच जिवाणू तोच वायू बनवतात. टाकी रिकामी करून धुणं, पाणी ६० अंशांपर्यंत तापवणं किंवा कांडी बदलून घेणं हा त्यावरचा उपाय. गिझर उघडणं हे गिझरवाल्याचं काम.

आपल्या नाकावर फार विसंबू नका मात्र. कुठल्याही वासाला नाक काही मिनिटांत सरावतं. दहा मिनिटं मोरीशी खटपट केल्यावर ‘गेला वाटतं वास’ असं जे वाटतं, त्याला काही अर्थ नसतो. बाहेरून नुकत्याच आलेल्या माणसाला आत पाठवा आणि त्याच्या तोंडाकडे बघा.

पिशवीची परीक्षा

वास कुठून येतो हे नक्की करायची एक फुकटची पद्धत आहे. तिला लागतं थोडं प्लास्टिक, चिकटपट्टी आणि एक रात्र.

झोपण्याआधी बाथरूम कोरडं करा. मग प्रत्येक भोक वेगळं बंद करा. मोरीची जाळी, शॉवरखालची जाळी, बेसिनचं तोंड, मशीनच्या पाण्यासाठी ठेवलेलं भोक, सगळ्यांवर प्लास्टिकचा तुकडा ठेवून चारही बाजूंनी चिकटपट्टी मारा. बेसिनच्या वरच्या कडेशी एक लहान भोक असतं, पाणी काठोकाठ आलं तर निघून जावं म्हणून. ते विसरू नका. कमोडच्या भांड्यावरही प्लास्टिक ताणून लावा, नुसतं झाकण पाडून भागत नाही. ओल्या फरशीवर पट्टी चिकटत नाही, त्यामुळे फडक्याने जागा पुसूनच लावा. फॅन बंद, खिडकी बंद, दार बंद.

सकाळी दार उघडल्याबरोबर पहिला श्वास आतला घ्या. खोलीत वास नसेल तर गुन्हेगार त्या प्लास्टिकांखालीच आहे. आता एकेका प्लास्टिकची कड उचला, नाक जवळ नेऊन हुंगा, परत लावा, दोन मिनिटं बाहेर जाऊन या आणि मग पुढचं. घाई केली तर पहिल्या भोकाचा वास दुसऱ्याच्या नावावर लागतो. एखादं प्लास्टिक फुग्यासारखं वर आलेलं दिसलं तर खालून हवेचा दाब येतोय हे सांगायला नाकाचीही गरज उरली नाही.

आणि सगळी तोंडं बंद असूनही खोलीत वास भरलेला असेल, तर तो तोंडातून येतच नाहीये. कमोडचं बूड, बेसिनचा पाइप भिंतीत शिरतो ती जागा, भिंतीतला फुटका पाइप, किंवा खिडकीबाहेरचा व्हेंट पाइप, म्हणजे मैल्याच्या पाइपातल्या हवेला बाहेर वाट देणारा पाइप. तपासाची दिशाच बदलली.

सापडलेले गुन्हेगार

सगळ्यात साधा गुन्हेगार म्हणजे वाळलेला ट्रॅप. पाहुण्यांचं बाथरूम, बंद खोलीतली मोरी, कोरडं पुसून ठेवलं जाणारं बाथरूम इथे हा हमखास. कोरड्या, उष्ण हवेत काही आठवड्यांतच दोन इंच पाणी उडून जातं. उपाय एक मग पाणी, बस. महिना-दोन महिने घर बंद राहणार असेल तर पाणी ओतून त्यावर दोन-तीन चमचे खनिज तेल सोडा. तेलाची साय पाण्यावर पसरते आणि वाफ होणं मंदावतं. स्वयंपाकाचं तेलही चालतं, पण ते पुढे खवट होतं, म्हणजे एका वासाच्या बदल्यात दुसरा.

हे प्रकरण किरकोळ वाटत असेल तर २००३ साल आठवून बघा. हाँगकाँगमधल्या आमॉय गार्डन्स या निवासी संकुलात सार्स या श्वसनाच्या आजाराची साथ पसरली आणि ३०० हून अधिक रहिवासी आजारी पडले. तपासणाऱ्यांचं लक्ष बाथरूमच्या मोऱ्यांकडे गेलं. फरशी पाण्याने धुण्याऐवजी पोच्याने पुसली जायची, त्यामुळे मोऱ्यांचे ट्रॅप कोरडे पडले होते. त्यात लहान बाथरूममध्ये जोरदार एक्झॉस्ट फॅन. मैलापाण्याच्या पाइपातले सूक्ष्म थेंब त्या वाटेने घरात ओढले गेले असावेत, असं तपासात मांडलं गेलं. तेव्हापासून तिथलं आरोग्य खातं लोकांना सांगत आलंय, की दर आठवड्याला प्रत्येक मोरीत अर्धा लिटर पाणी ओता.

दुसरा गुन्हेगार मला सगळ्यात आवडतो, कारण तो आपणच तयार करतो. पुष्कळ मोऱ्यांमध्ये जाळीखाली एक सुटी वाटी असते, उलटी किंवा सुलटी बसणारी. झुरळं वर येऊ नयेत म्हणून ती आहे असं सगळे समजतात. खरं तर अशा मोरीत ती वाटी म्हणजेच ट्रॅप. तिच्या कडेभोवतीचं पाणी हेच बूच. एके दिवशी मोरी तुंबते, कोणीतरी वाटी काढतं, केसांचा गोळा काढतं, पाणी धडाधड जातं. ‘ही वाटीच अडवत होती’ असा निष्कर्ष निघतो आणि वाटी खिडकीत जाऊन बसते. आठवड्याभराने वास सुरू होतो, पण तोवर वाटी कोणाच्या लक्षातही नसते. तुमच्या बाथरूमच्या खिडकीत, आरशामागे किंवा कमोडच्या टाकीवर एखादी गोल प्लास्टिकची वाटी धूळ खात पडलेली आहे का, ते बघून या. असेल तर धुऊन जागेवर बसवा. तडा गेला असेल तर नवी आणा, मापाची.

तिसरा भिंतीत असतो. बेसिनखालचा पाइप, विशेषतः तो घड्या पडणारा लवचीक पाइप, भिंतीतल्या किंवा फरशीतल्या मोठ्या पाइपात नुसता खुपसलेला असतो. आतला पाइप सव्वा इंची, बाहेरचा दोन इंची; मधली फट तशीच. पाणी बरोबर जातं, गळत काही नाही, त्यामुळे कोणाला शंका येत नाही. हवा मात्र त्या फटीतून आरामात येते. भिंतीजवळची स्टीलची चकती मागे सरकवा आणि बोट फिरवा. फट हाताला लागेल. मापाचं रबरी गॅसकेट मिळालं तर उत्तम. नाहीतर जागा कोरडी करून सिलिकॉन भरा. कागदाचा बोळा किंवा फडकं कोंबलेलं असेल तर ते काढून टाका, ते ओलं होऊन स्वतःच वास मारतं. आणि तो लवचीक पाइप सरळ खाली सोडलेला असेल, मध्ये वळसाच नसेल आणि बाटलीचा ट्रॅपही नसेल, तर बुचाचाच पत्ता नाही. तात्पुरतं म्हणून पाइपला इंग्रजी यू अक्षरासारखा झोळ देऊन बांधता येतं, पण त्याच्या घड्यांत मळ साचतो. बाटलीचा ट्रॅप लावून घेणंच बरं.

आता चौथा, आणि हा किळसवाणा आहे. ट्रॅपमध्ये पाणी आहे, सांधे बरोबर आहेत, तरी जाळीशी आंबूस वास. जाळी काढून आतल्या भिंतीला बोट लावून बघा, मोजा घालून. बुळबुळीत, राखाडी-काळा थर हाताला येतो. साबणाची मळी, कातडीचा कोंडा, टूथपेस्ट, तेल आणि त्यावर पोसलेले जिवाणू यांनी मिळून बनवलेला हा थर पाण्याच्या धारेने हलत नाही. त्याच्या पोटात प्राणवायू पोचत नाही, म्हणजे गटारातले तेच जिवाणू इथे घराच्या आतच संसार थाटतात. केसांसारख्या पंखांच्या, पतंगासारख्या बारीक माश्या टाइलवर बसलेल्या दिसत असतील तर त्यांच्या अळ्या याच थरात वाढतात. माश्या मारून काही होत नाही, थर काढावा लागतो.

तो निघतो घासून, ओतून नाही. लांब दांड्याचा बाटली धुण्याचा ब्रश, भांड्यांचा साबण आणि गरम पाणी. केसांसाठी दातेरी प्लास्टिकची लांब पट्टी मिळते. ती आत सोडा, फिरवा आणि हळूहळू ओढा. आधी दोन-चार केस येतात, मग अडल्यासारखं होतं, आणि मग ओल्या उंदराच्या शेपटीसारखा वीतभर लांब काळा झुबका बाहेर येतो. तो आला की लगेच पिशवीत टाकून तोंड बांधा. केसांचा आणखी एक उपद्रव सहसा लक्षात येत नाही: ट्रॅपच्या कडेवरून पलीकडे लोंबणारा केसांचा पुंजका दिव्याच्या वातीसारखं काम करतो. थेंब थेंब करत बुचातलं पाणी पलीकडे उतरवतो. रोज वापरातल्या मोरीचं पाणी रात्रीत कमी होत असेल तर हे बघा.

बेसिनच्या कडेचं ते लहान भोकही याच वर्गातलं. आत थेट पाणी कधी जात नाही, त्यामुळे तिथला थर वर्षानुवर्षं कोणी पाहिलेला नसतो. बारीक ब्रशने घासा आणि वरून साबणाचं गरम पाणी सोडा. बाटलीचा ट्रॅप साफ करायचा तर खाली बादली ठेवून त्याची बुडाची वाटी हाताने फिरवून उघडा, धुवा, रबरी वॉशर जागेवर बसवून बंद करा. फक्त ती वाटी बेसिनच्या नळाखाली धुऊ नका. हसू नका, ट्रॅप उघडा असताना त्याच बेसिनचा नळ सोडून पायावर पाणी घेणारे बरेच आहेत, मी त्यांतलाच एक.

पाचवा जरा आतल्या गाठीचा आहे. पाण्याचा लोट पाइपातून खाली जाताना आपल्या मागे हवा ओढतो आणि पुढची हवा दाबतो. या हवेला मोकळी वाट मिळावी म्हणून इमारतीच्या पाइपांना गच्चीवर उघडणारा व्हेंट पाइप जोडलेला असतो. तो पानांनी, घरट्याने किंवा कोणी वरून सिमेंट टाकल्याने बंद झाला, की हवा आपल्या ट्रॅपमधून वाट काढते. मागची ओढ असेल तर बूच शोषलं जातं, पुढचा दाब असेल तर ट्रॅपमधून बुडबुडे येतात. उंच इमारतींत खालच्या मजल्यांना दाबाचा त्रास जास्त, आणि साबणाचा फेस पाइपच्या वळणावर अडला तर त्यात भरच. बेसिनपुरती परीक्षा घ्यायची तर बेसिन काठोकाठ भरा आणि एकदम सोडा. शेवटी ‘घट्ट घट्ट’ करत मोठा घोट घेतल्यासारखा आवाज झाला आणि त्यानंतर वास आला, तर बूच ओढलं गेलंय. तात्पुरता उपाय म्हणजे बेसिन रिकामं झाल्यावर अर्धा मग पाणी सावकाश सोडणं. पक्का उपाय म्हणजे व्हेंट मोकळा करणं किंवा बेसिनखाली हवा फक्त आत घेणारी झडप बसवणं. हे प्लंबरचं काम आहे, आणि सामायिक पाइप असेल तर सोसायटीचंही.

कमोड राहिला. त्यावर बसून डावी-उजवीकडे जरा रेटा द्या. हलत असेल तर बुडाचा सांधा, मग तो मेणाचा असो, रबराचा असो की सिमेंटचा, सुटला असण्याची दाट शक्यता. हवा तिथून येते, पाणी गळलंच पाहिजे असं नाही. बाहेरून पांढरा सिमेंट थापून तो बरा होत नाही. कमोड उचलून सांधा नव्याने करावा लागतो.

ओतण्यापूर्वी

खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर यांचा फेसाळ प्रयोग सगळीकडे सांगितला जातो. दिसायला तो छान दिसतो. पण दोन्ही एकत्र आले की एकमेकांना मारतात आणि मागे कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि एक सौम्य क्षार उरतो. फेसाने थोडी माती ढिली होते इतकंच. सोडा टाकून ब्रशने घासलं तर त्याचा जास्त उपयोग आहे. एन्झाइमचे किंवा जिवाणूंचे द्रव मिळतात ते थरावर खरंच चालतात, पण सावकाश. रात्री टाकून सकाळपर्यंत पाणी सोडायचं नाही, आणि त्याआधी-नंतर ब्लीच ओतायचं नाही, नाहीतर बिचारे जिवाणू ड्युटीवर हजर होण्याआधीच मरतात.

उकळतं पाणी प्लास्टिकच्या पाइपात ओतू नका. साध्या पीव्हीसीला ६० अंशांच्या वरचं पाणी मानवत नाही, पाइप मऊ पडतो आणि सांधे ढिले होतात. हाताला सोसेल त्याहून थोडं जास्त गरम पुरे.

आणि एक गोष्ट अगदी ठणकावून: ब्लीच आणि ॲसिड एकाच मोरीत कधीही नाही. त्यातून क्लोरीन वायू निघतो. ब्लीच आणि अमोनिया असलेला क्लीनर एकत्र आले तर क्लोरामाइनचे वायू निघतात. दोन्ही फुप्फुसं जाळतात, आणि बंद बाथरूममध्ये पळायला जागाही नसते. काल कोणी काय ओतलं हे माहीत नसेल तर आज भरपूर पाणी सोडून थांबा. कॉस्टिक सोड्यावर पाणी ओतायचं नाही, तो उसळतो. आधीच तुंबलेल्या मोरीत तो टाकला तर नंतर उघडायला येणाऱ्या प्लंबरच्या हातावर तेच पाणी उडतं. टाकला असेल तर त्याला आल्याबरोबर सांगा.

प्लंबर बोलवावाच लागला तर त्याच्या हाती तपासाच्या नोंदी द्या: कुठल्या प्लास्टिकखाली वास होता, ट्रॅपमध्ये पाणी टिकतं का, गुडगुड कधी होते, कमोड हलतो का. भिंतीतल्या पाइपावर संशय असेल आणि तो थेट टाइल फोडायची भाषा करू लागला, तर आधी धुराची चाचणी करता येईल का ते विचारा. ट्रॅप भरून ठेवून, व्हेंटचं तोंड बंद करून पाइपात यंत्राने धूर सोडतात. जिथे सांधा उघडा आहे तिथून धुराची बारीक रेघ वर येते, आणि फोडायची असते ती तेवढीच टाइल.